मी माझं मत राखून ठेवते

३ फेब्रुवारी

मी अमेरिकेची सिनेटर आहे, आणि चाळीस हजार पोरं लढाईला निघाल्याची बातमी मला भांडी घासताना रेडिओवर कळली. हातातली कढई तशीच राहिली. अजून तशीच पडली आहे.

पाच मिनिटांत नेल्सचा फोन. केंटकीच्या छावणीतून, मागे नुसता गलका. म्हणाला, "आजी, सामान बांधायला सांगितलंय. आखातात जायचंय."

"कुणी सांगितलं?"

"अध्यक्षांनी! आणखी कोण सांगणार? तू तर तिथेच असतेस ना गं? तुला विचारलं नाही त्यांनी?"

काय सांगू त्याला? की तुझ्या आजीला इथे कुत्रं विचारत नाही?

माझा नवरा अर्विड, तोच खरा सिनेटर, नोव्हेंबरात गेला. त्याला पुरून आठवडा झाला नाही तोच गव्हर्नर दारात उभे. "इंगा, अर्विडची दोन वर्षं उरली आहेत, तेवढी खुर्ची सांभाळ. नवऱ्याच्या जागी बायकोला बसवायची आपल्याकडे रीतच आहे." सांभाळ म्हणजे बाकी काही करू नकोस, हे त्यांनी न बोलता सांगितलं. मी नॉर्थ डकोटात तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. बर्फाची वादळं, मागे चाळीस कार्टी बोंबलताहेत, कुणी ओकतंय, कुणी कुणाचे केस ओढतंय. म्हटलं, हे शंभर जण काय जड आहेत!

नेल्स त्याच बसमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. त्याची आई, माझी मारित, गेली तेव्हा चार वर्षांचा होता. तेव्हापासून तो माझाच. फेरी संपली की मी शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन बघायची, कुणी झोपून राहिलंय का. थंडीत विसरलं गेलेलं मूल मरतं. नेल्सही माझ्यामागून यायचा आणि बाकांखाली वाकून ओरडायचा, "कुणी नाही, आजी!" आता वीस वर्षांचा आहे. मला हे काही खरंच वाटत नाहीये.

५ फेब्रुवारी

अध्यक्षांकडे नाश्ता होता. आम्ही बारा सिनेटर. अंडी गार, कॉफी उत्तम.

बोलावलंय कशाला, तर आम्हाला "विश्वासात घ्यायला". सैन्य परवाच निघालं, विश्वासात आज घेताहेत. वरातीमागून घोडं! सगळे मान हलवत होते. माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "साहेब, तुम्हाला आमची परवानगी हवी आहे की टाळ्या?"

काटे-चमचे थांबले. अध्यक्ष हसले. गोड हसतो माणूस, खोटं कशाला बोलू. म्हणाले, "मिसेस हाउगन, घटनेनं मला सेनापती केलंय. तुमचा पाठिंबा मिळाला तर माझे हात बळकट होतील."

"आणि त्याच घटनेनं युद्ध जाहीर करायचं काम आम्हाला दिलंय. मी बसमधल्या मुलांकडून पाठ करून घेतलंय ते."

"म्हणून तर ठराव मागतोय ना," असं म्हणून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याच वेळी फोटोवाल्यानं फोटो काढला. उद्या गावी सगळे बघतील, इंगा अध्यक्षांच्या हातात हात घालून!

संध्याकाळी मात्र टीव्हीवर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं: खालच्या सभागृहानं ठराव मंजूर केलाच आहे, सिनेटनं नामंजूर केला तर जहाजं अर्ध्या वाटेवरून परत फिरतील. मी खुर्चीतून उठलेच. म्हणजे आमच्या मताला किंमत आहे तर! मतदान अठराला. साध्या बहुमतानं निकाल, असं दोन्ही बाजूंनी कबूल केलंय.

८ फेब्रुवारी

सिनेटमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर लुशियस वॉर्डलॉ बसतात. मिसिसिपीचे, पंचाहत्तरीचे, छत्तीस वर्षं इथे ठाण मांडून. अर्विडचं आणि त्यांचं एकाही ठरावावर पटलं नाही, आणि दर उन्हाळ्यात दोघं आमच्याकडच्या तळ्यावर मासे धरायला बसायचे. पहिल्या दिवशी मी बावरून दारात उभी होते तेव्हा हाच माणूस उठून आला, माझा हात धरून मला जागेवर नेलं. म्हणाले, "मिस इंगा, इथे नियमांचं जाड पुस्तक आहे, ते कुणी वाचत नाही. इथे शब्द चालतो. दिलेला शब्द मोडलात की तुम्ही संपलात."

आज आमची जुंपली. त्यांचं म्हणणं, घरात काय भांडायचं ते भांडा, पण चार लोकांत अध्यक्षाला तोंडघशी पाडू नका. परका देश बघत असतो. बायकोनं नवऱ्याला चव्हाट्यावर नाही म्हणू नये.

मी म्हटलं, "आणि नवरा घर पेटवायला निघाला तर?"

इतके हसले की खोकल्याची उबळ आली. थांबेचना. रुमाल खिशात कोंबला त्यांनी घाईनं, पण मी पाहिलं. लाल होता.

११ फेब्रुवारी

नेल्सला दोन दिवसांची सुट्टी मिळाली. रात्रभर बसनं प्रवास करून आला. दारात उभा राहिला तर ओळखूच येईना, डोकं भादरलेलं, मान कोंबड्याच्या पिल्लासारखी.

मी लेफ्से केल्या. बटाट्याच्या या पोळ्या आमच्या घरात नाताळातच होतात, पण म्हटलं, खाऊ दे. लोणी-साखर लावून नऊ खाल्ल्या पठ्ठ्यानं. खाता खाता मध्येच थांबला, बशीकडे बघत म्हणाला, "आजी, मला भीती वाटते. कुणाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "मी नाही म्हणून मत देणार आहे. आमच्याकडे एक्कावन्न जण आहेत, त्यांच्याकडे एकोणपन्नास. तुझं जहाज निघणारच नाही."

"शब्द?"

"शब्द."

लहानपणी करायचा तसं त्यानं करंगळीत करंगळी अडकवली. मग दहावी खाल्ली. जाताना म्हणाला, "माझ्या तुकडीत सांगू का? आजीनं शब्द दिलाय म्हणून?" मी म्हटलं, खुशाल सांग.

१४ फेब्रुवारी

वॉर्डलॉंना परवा इस्पितळात हलवलं. आज मी भेटायला गेले. नाकात नळ्या, अंगात नुसती हाडं. त्यांचा चिटणीस क्लेटन रीव्ह्ज उशाशी. हा वीस वर्षं त्यांच्या सावलीसारखा असतो. साहेबांचे बूटही तोच घालून देतो म्हणे.

वॉर्डलॉंनी त्याला खुर्ची आणायला लावली, मला बसवलं आणि जोडी मागितली.

जोडी ही इथली जुनी रीत. एखादा आजारी पडला आणि त्याला मतदानाला येता येत नसेल, तर विरुद्ध बाजूचा कुणीतरी आपणहून मत देत नाही. याचं हो गेलं, त्याचं नाही गेलं, फिटंफाट. आजाऱ्याच्या दुखण्याचा फायदा कुणी घेऊ नये, एवढाच हेतू. कुठे लिहिलेलं नाही, सही नाही, शिक्का नाही. अर्विडनं कितीतरी वेळा केली होती.

"छत्तीस वर्षांत माझं एक मत चुकलं नाही," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी. "मला मरणाची भीती नाही, मिस इंगा. गैरहजेरीची आहे. दुसऱ्या कुणाकडे मागणार नाही. अर्विडच्या बायकोकडेच मागतोय."

मी म्हटलं, "बरे होऊन आलात तर?"

"तर मी माझं मत देईन आणि तुम्ही मोकळ्या."

"आणि मेलात तर?" माझी जीभ ही अशी. पण आम्ही दोघं असंच बोलतो.

हसले. "मेलेल्याला मत नसतं. तेव्हाही तुम्ही मोकळ्या." आणि रीव्ह्जकडे बघितलं. रीव्ह्ज खिडकीबाहेर बघत होता. बिचाऱ्याला ऐकवत नसेल.

मी आधी हो म्हटलं नाही. बाहेर येऊन मॅकाव्हॉयना फोन केला, आमच्या बाजूची मोजदाद तेच ठेवतात. ते म्हणाले, "द्या खुशाल. जोडी धरूनही आपण पन्नास, ते अठ्ठेचाळीस. उलट तुमचं नाव होईल."

आत जाऊन वॉर्डलॉंच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "शब्द." तो हात कागदासारखा हलका लागला. रडले म्हातारबाबा. मीही रडले.

१६ फेब्रुवारी

झोप नाही. रोज इस्पितळात फोन करते. रीव्ह्ज उचलतो. "आता डोळा लागलाय, सिनेटर." "डॉक्टर आत आहेत, सिनेटर." आवाज बसलाय पोराचा.

बर्नीस माझं ऑफिस सांभाळते, त्याआधी अर्विडचं सांभाळायची. आज दार लावून घेतलं आणि म्हणाली, "बाई, जोडी सोडा. आयडाहोचे फेनविक काल अध्यक्षांच्या घरी सिनेमा बघायला गेले होते. बायकोसकट."

"मग? त्यांनी जाऊ नये सिनेमाला?"

"ते नाही वाले आहेत, बाई. आणि त्यांच्या राज्यातला हवाईदलाचा तळ बंद होणार होता, तो आज सकाळपासून बंद होत नाहीये."

मी तिच्यावर खेकसले. म्हटलं, शब्द म्हणजे काय दुकानातली वस्तू आहे, आवडली नाही म्हणून परत करायला? ती फाइल उचलून बाहेर गेली. तरी फेनविकना गाठून विचारलं, तर म्हणाले, "मी खडकासारखा आहे, इंगा." एवढं ठासून कोण सांगतं?

१८ फेब्रुवारी, दुपार

झालं. आत्ताच लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

सकाळी इस्पितळात फोन केला. रीव्ह्जच. म्हटलं, "कसे आहेत?"

"शांत आहेत, सिनेटर."

"दोन शब्द बोलू दे."

"ते आता बोलू शकणार नाहीत." मग, "तुमच्या शब्दावर त्यांचा फार भरवसा होता."

म्हटलं, सांग त्यांना, काळजी करू नका. त्यानं फोन ठेवला.

सभागृहात जाताना मागच्या खोलीच्या दारापाशी एक माणूस बादलीभर पांढरे गुलाब घेऊन उभा होता. फेब्रुवारीत पांढरे गुलाब! कुणाच्या बायकोचा वाढदिवस असेल. अध्यक्षांच्या बाजूचे प्रतोद क्रिमिन्स त्याच्यावर डाफरत होते, "आत्ता नाही, नंतर, नंतर!" मला बघून एकदम माझ्यासाठी दार उघडून धरलं. एरवी हा माणूस माझ्या अंगावर दार सोडून जातो.

आत गेले तर उच्चासनावर खुद्द उपाध्यक्ष. ते एरवी तिथे फिरकत नाहीत. समसमान मतं पडली तरच त्यांना मत असतं. म्हणजे मतं समसमान होणार, हे त्यांच्या बाजूला आधीच कळलेलं होतं.

नावं पुकारायला लागले. एकेक हो, एकेक नाही, आकडे बरोबर चालले होते. मग फेनविक. त्यांनी टायची गाठ सारखी केली, समोरच्या भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "हो."

सभागृहात असा आवाज झाला, जणू सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतला. मॅकाव्हॉयनी कपाळावर हात मारला. मी हिशेब केला, पुन्हा केला. एकोणपन्नास, एकोणपन्नास. मग उपाध्यक्ष हो म्हणणार. मी नाही म्हटलं तर मात्र ते एकोणपन्नास आणि आम्ही पन्नास. नेल्स घरी.

फेनविकनंतर माझं नाव यायला पाच-सहा माणसं. देवा, तेवढ्या वेळात मी किती विचार केला! नेल्सची करंगळी आठवली. मॅकाव्हॉय माझ्याकडे बघून मान हलवत होते, नाही म्हण, नाही म्हण. शेजारी वॉर्डलॉंचा रिकामा बाक. मनात म्हटलं, तो माणूस तिकडे नळ्या लावून पडलाय, कानात प्राण आणून रेडिओ ऐकत असेल. आजारी माणसाच्या पाठीत सुरा खुपसायचा? अर्विडच्या नावानं?

"मिसेस हाउगन."

उठले. पाठ केलेलंच म्हटलं. "माझी मिसिसिपीच्या ज्येष्ठ सदस्यांशी जोडी आहे. ते हजर असते तर त्यांनी हो म्हटलं असतं. मला मोकळीक असती तर मी नाही म्हटलं असतं. मी माझं मत राखून ठेवते."

बसले. क्रिमिन्सनी डोळे मिटले आणि सुस्कारा टाकला. पुढचं मी ऐकलंच नाही. एकोणपन्नास, एकोणपन्नास, उपाध्यक्षांचं हो. मग कुणीतरी उठून काहीतरी पुटपुटलं, दुसरं कुणीतरी उठून पुटपुटलं, हातोडा पडला. बर्नीस म्हणते ते नेहमीचंच असतं.

मॅकाव्हॉय जवळ येऊन दात ओठ खात म्हणाले, "बाईसाहेब, तुमचं नाव झालं हो!" मेल्यानं स्वतःच द्या म्हटलं होतं.

नेल्सला फोन करायचं धाडस झालं नाही. पण मी वाईट वागले असं मला वाटत नाही. रडू येतंय, तरी वाटत नाही. आजाऱ्याला दिलेला शब्द पाळला. नेल्सला मी समजावेन, तो माझ्या हाताखाली वाढलाय, त्याला कळेल. त्याची तुकडी नवव्या दिवशी निघणार, तोवर आणखी काही करता येईल.

फ्रीजमध्ये लेफ्से आहेत. त्या घेऊन वॉर्डलॉंकडे जाते. त्यांना माझ्याच तोंडून कळू दे.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

मेलेले होते.

पहाटेच मेलेले होते.

खोलीत गेले तर गादी गुंडाळून ठेवलेली. नर्स फरशी पुसून झाल्यावर खिडकी उघडत होती. म्हणाली, "तुम्ही घरच्या का? कळवलं नाही तुम्हाला? न्याहारीचं ताट यायच्या आधीच गेले हो ते."

"आज?"

"आजच. सकाळी."

मी तिला तीनदा विचारलं. तिनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. डबा माझ्या मांडीवर. ती म्हणाली, "सकाळी त्यांचा माणूस हात जोडत होता, अजून कुणाला सांगू नका, नातेवाईक लांबून यायचेत. आम्हीही म्हटलं, एवढे मोठे गृहस्थ, घरच्यांना आधी कळू दे."

मी फोन केला तेव्हा ते मेलेले होते. मी उठून उभी राहिले तेव्हा ते मेलेले होते. "ते हजर असते तर." बाई गं!

१९ फेब्रुवारी

रीव्ह्जला त्याच्या ऑफिसात गाठलं. पेट्यांत फोटो भरत होता. मला बघून उभा राहिला.

मी म्हटलं, "तू मला फसवलंस. शांत आहेत म्हणालास."

"शांतच होते, सिनेटर. बोलू शकणार नाहीत म्हटलं, तेही खरं होतं."

एक अक्षर खोटं बोलला नव्हता मेला! माझा हात उगारला गेला. तो हलला नाही, मार खायलाच उभा असल्यासारखा. मग माझाच हात खाली आला.

"क्रिमिन्सनी सांगितलं तुला? की वरून?"

"नाही." त्याचे डोळे सुजलेले. "साहेबांनी. तुम्ही गेल्यावर लगेच. म्हणाले, क्लेटन, मी आधी गेलो तर मतदान होईपर्यंत मला जिवंत ठेव. इंगा शब्द मोडणार नाही. क्रिमिन्सना मी सांगितलं, तेही साहेबांच्याच सांगण्यावरून."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं तेव्हा मी पेटीवर बसले. म्हणजे तो हात, ते पाणी, अर्विडची बायको. मेलात तर, असं मी विचारलं, आणि हसून "तुम्ही मोकळ्या" म्हणाले, आणि याच्याकडे बघितलं! तोंडावर! ज्या माणसानं मला इथे शब्दाची किंमत शिकवली, त्यानं ती किंमत मोजून पाहिली आणि वसूल केली.

"का रे?" एवढंच निघालं तोंडातून.

"अध्यक्ष हरता कामा नये, असं ते मानायचे. मनापासून मानायचे, सिनेटर. त्यांना तुमचं वाईट वाटत होतं. ते म्हणाले, तिला नातू आहे."

माहीत होतं त्यांना. नेल्सला त्यांनी तळ्यावर गळ टाकायला शिकवलं होतं.

तिथून तडक सभागृहाच्या नियमवाल्या अधिकाऱ्याकडे गेले. म्हटलं, मेलेल्या माणसाशी जोडी असते का? नसते. मग ते मतदान पुन्हा घ्या. तो सभ्य माणूस, त्यानं चष्मा काढला. "फेरविचाराचा प्रस्ताव असतो. तो एक तर जिंकलेल्या बाजूच्या कुणी मांडायचा, नाहीतर ज्यानं मत दिलं नाही त्यानं. म्हणजे तुम्हाला मांडता आला असता. पण काल निकालानंतर लगेच त्यांच्यातल्या एकानं मांडला आणि दुसऱ्यानं तो बाजूला ठेवून घेतला. एकदा तसं झालं की दार बंद."

ते पुटपुटणं! मी तिथेच बसले होते, हातातला रुमाल पिळत.

सभागृहात गेले. वॉर्डलॉंच्या बाकावर काळं कापड, त्यावर काचेच्या भांड्यात पांढरे गुलाब. तेच. एक दिवस बादलीत राहून कडा पिवळ्या पडल्या होत्या. क्रिमिन्सनी श्रद्धांजलीचं भाषण केलं आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, मिसेस हाउगन यांनी आपल्या सहकाऱ्याला दिलेला शब्द अखेरपर्यंत पाळला, हीच या सभागृहाची शान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाकं बडवली. मी उठून ओरडायला हवं होतं. मी बसूनच राहिले. श्रद्धांजलीत ओरडणारी बाई वेडी ठरते, हेही त्यांना माहीत असणार.

२१ फेब्रुवारी

वर्तमानपत्रांना सांगितलं. सगळं. दोघांनी छापलं, आतल्या पानावर, "शोकाकुल सिनेटरचा आरोप" म्हणून. रीव्ह्ज मिसिसिपीला निघून गेला. कुणाचं काही वाकडं झालं नाही. अध्यक्षांकडून मला हातानं लिहिलेलं आभाराचं कार्ड आलं. त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे. मी ते चुलीत घातलं असतं, पण इथे विजेची शेगडी आहे.

गावाकडून फोन येताहेत. पेपरात मतांची नावं आलीत. हो म्हणणारे, नाही म्हणणारे, आणि खाली मत न देणारे दोघं: वॉर्डलॉ (मृत), हाउगन.

नेल्सचा फोन नाही. मी केला तर म्हणाले, सरावाला गेलाय.

२७ फेब्रुवारी

केंटकीला गेले होते. आत्ताच हॉटेलवर आलेय.

छावणीच्या मैदानात आई-बापांची गर्दी. पिवळ्या शाळेच्या बसगाड्या उभ्या होत्या रांगेत, पोरांना विमानतळावर न्यायला, तिथून पुढे बंदरावर. सैन्याकडे गाड्या कमी पडल्या म्हणून जिल्ह्याच्या मागवल्या म्हणे. मी तीस वर्षं चालवल्या तशाच.

आमच्याच मायनॉट गावची एक बाई आली धावत. माझे हात धरले. "सिनेटर, तुम्ही आपल्या पोरांसाठी उभ्या राहिलात. एवढं तरी समाधान आहे." तिनं टीव्हीवर माझं फक्त 'नाही म्हटलं असतं' एवढंच ऐकलं होतं. मी म्हटलं, "नाही हो. मी मत दिलंच नाही." तिला कळेना. मी पुन्हा सांगितलं. तिनं हात सोडले, माझ्याकडे बघत मागे मागे गेली आणि आपल्या मुलाजवळ जाऊन उभी राहिली.

नेल्स आला. पाठीवर त्याच्याहून मोठं ओझं. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला, "पेपर वाचला, आजी."

"मला माहीत असतं तर मी..."

"ठाऊक आहे गं." मग पाठीवरचा पट्टा सारखा करत, "म्हणजे त्यांना दिलेला शब्द पाळलास."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "मेलेल्याला दिलेला पाळला नेल्स, आणि तुला दिलेला मोडला." मी करंगळी पुढे केली. त्यानं बघितलं, मग घाईघाईनं मलाच मिठी मारली. करंगळी धरली नाही. म्हणाला, "तुकडीतली पोरं हसतात मला. सोड, काही नाही ते." शिट्टी झाली.

पहिल्या गाडीत चढला. पहिल्या बाकावर जागा होती, पण तो मागे गेला.

गाड्या गेल्या. लोक पांगले, मी तिथेच. तासाभरानं रिकाम्या परत आल्या. पहिल्या गाडीचा चालक खाली उतरून सिगारेट पेटवायला लागला. मी त्याला म्हटलं, "मागे जाऊन बघितलंस का?"

"काय बघायचं, बाई?"

मी त्याला बाजूला सारून वर चढले. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत गेले. प्रत्येक बाकाखाली वाकून बघितलं. कुणी राहिलं नव्हतं.